कोपऱ्यातले रणगाडे

मोहाडीत तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला लागून मोतीलाल निपानेचं टीव्ही दुरुस्तीचं. दुकान म्हणायचं ते सवयीनं. गेल्या सहा-सात वर्षांत तिथं दुरुस्तीला आलेले टीव्ही मी बोटांवर मोजून दाखवीन. लोक आता टीव्ही भिंतीला टांगतात, बिघडला की उतरवतात आणि नवा आणतात. तरी मोतीलाल रोज दहाच्या ठोक्याला शटर उघडतो, उदबत्ती लावतो आणि पेचकस हातात घेऊन बसतो. त्याच्या मागं जुने ढेरपोटे टीव्ही एकावर एक रचलेले असतात. मी त्याला म्हणायचो, मोतीभाऊ, हे भंगारवाल्याला घाल, निदान वारा तरी येईल. यावर तो मला एक घसघशीत शिवी द्यायचा आणि दोन चहा सांगायचा.

मी मूळचा करडीचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण या गोष्टीत माझ्या रागानंही माती खाल्लेली आहे.

मोतीलाल कोष्ट्याचा. बापाचे घरात दोन माग होते, पण याला खटखटीचा कंटाळा. बारावीनंतर भंडाऱ्याला जाऊन टीव्हीचं काम शिकला आणि पुन्हा मागाला हात लावला नाही. बायको मात्र मागावरचीच केली. रुखमिणीवहिनी आंधळगावची. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायची, आणि तिची नजर अशी की चालत्या मागावर हजार धाग्यांतला एक धागा तुटला तर तिला तो आपण होऊन दिसायचा. ती नवऱ्याला चिडवायची की तुम्हाला फॉल्ट शोधायला मीटर लागतो, मला डोळे पुरतात. मोतीलाल हे लोकांना कौतुकानं सांगायचा. स्वतःच्या कामाची त्यानं एवढी फुशारकी कधी मारली नाही.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एका साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी बिघडलेला टीव्ही आणि पोरांचा व्हिडिओ गेम मोतीलालकडं टाकला आणि न्यायला परत आलेच नाहीत. वर्षभर वाट पाहून त्यानं तो गेम मुलीसाठी, दामिनीसाठी, घरी नेला. पांढऱ्या प्लास्टिकचा डबा, वर खोचायची पिवळी कॅसेट, आणि हातभर वायरला बांधलेले दोन रिमोट. दामिनी आठ दिवसांत कंटाळली. वहिनी चिकटली ती चिकटलीच.

खेळ रणगाड्यांचा होता. विटांच्या भिंतींचं मैदान, खाली मधोमध आपलं ठाणं आणि त्याच्याशेजारी आपला रणगाडा. शत्रूचे रणगाडे वरून तीन जागांतून उतरतात: एक डाव्या कोपऱ्यातून, एक मधून, एक उजव्या कोपऱ्यातून. ते ठाण्याला भिडायच्या आत त्यांना उडवायचं, एवढंच. वहिनी दुपारी तीन वाजता मागावरून उठायची, हात धुवायची आणि टीव्हीसमोर चटई टाकून बसायची. रिमोटची वायर आखूड, म्हणून बसायचं ते काचेपासून दोन हातांवर. तासभर खेळून पुन्हा मागावर. कोष्टीपुऱ्यातल्या बाया हसायच्या, की पन्नाशीला आली तरी हिचं पोरपण जात नाही. ती म्हणायची, तुम्ही मालिकांत रडता, मी रणगाडे फोडते, कोणाचं डोकं हलकं होतं ते पाहा.

चित्र तेव्हा यथातथाच होतं. गेम अँटेनाच्या वायरनं जोडलेला, त्यामुळं सगळ्या पडद्यावर मुंग्या. शेजारी कोणी मिक्सर लावला की मुंग्यांचं वारूळ फुटायचं. वीस वर्षं ती तशीच खेळली आणि कधी तक्रार केली नाही.

मग धंदे बसले. कोशाचं काम देणारा व्यापारी यायचा बंद झाला, वहिनीचा माग थांबला. त्यानंतर दोन वर्षांत मोतीलालचं गिऱ्हाईकही आटलं. रिकामा बसलेला कारागीर फार वाईट दिसतो. मोतीलाल चांगले चालते टीव्ही खोलून पुसायचा आणि परत बंद करायचा. असाच एक दिवस त्यानं तो पांढरा डबा दुकानात आणून उघडला.

त्याचं म्हणणं मला त्यानं इतक्या वेळा ऐकवलं की मला पाठ झालं आहे. आतली चिप चित्र चांगलंच बनवते. पण ते अँटेनातून पाठवायचं म्हणून आधी त्याची घडी घालतात आणि टीव्हीत गेल्यावर ती उलगडतात, म्हणून त्याला सुरकुत्या पडतात. मग घडी घालायचीच कशाला? त्यानं चित्र थेट चिपच्या पायाशी उचललं, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टर जोडले आणि डब्याला भोक पाडून पिवळी सॉकेट बसवली. मुंग्या साफ गेल्या. विटा विटांसारख्या लाल दिसू लागल्या. मी तर टाळीच वाजवली.

वहिनीनं चटईवर बसून थोडा वेळ पाहिलं आणि सांगितलं की चित्रात ताणा दिसतो आहे. आम्ही दोघांनी डोळे फाडून पाहिलं तेव्हा कुठं आम्हाला रेघा दिसल्या. काळ्या मैदानावर सारख्या अंतरानं फिकट उभ्या रेघा होत्या, मागावर ताणलेल्या धाग्यांसारख्या. मोतीलालला त्या रेघा काढायला महिना लागला. शेवटी त्यानं चिपचा तो एक पाय बोर्डातून सोडवून वर उचलला आणि जाळी असलेल्या वेगळ्या वायरनं चित्र बाहेर काढलं. वहिनीनं पुन्हा पाहिलं आणि कापड साफ असल्याचा निकाल दिला. त्या दिवशी मोतीलालनं रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत आलूबोंडे वाटले. लोकांना वाटलं दामिनीला मुलगा झाला. मला मात्र त्या दिवशी कळलं की या माणसाला जगात एकच गिऱ्हाईक उरलं आहे आणि ते त्याच्या घरातच आहे.

दामिनी लग्न होऊन नागपुरात असते. एका दिवाळीला तिनं आईबापाला मोठा एलईडी टीव्ही आणून दिला. त्यावर तो खेळ लावला तर रणगाडे ताणून रुंद झाले, विटा फिसकटल्या, आणि बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटू लागली. वहिनीनं त्याला आळशी ठरवून बाजूला केलं. मोतीलालला याचा इतका आनंद झाला की लेकीसमोर लपवताना त्याची पंचाईत झाली. त्यानं दुकानातला एकवीस इंची जुना संच घरी नेला आणि पुन्हा त्याच्यावर गेम जोडला.

मोतीलालची एक खोड आहे, ती सगळ्याच जुन्या मेकॅनिकांची असते. संचात काहीही केलं की मागच्या झाकणावर आतून मार्करनं तारीख आणि काम लिहून ठेवायचं. म्हणजे पुढं कोणी खोललं तर त्याला कळावं की आपल्या आधी इथं कोण काय करून गेलं.

दोन हजार बावीसचा पोळा होऊन गेल्यावर वहिनी सारखी हरू लागली. वीस वर्षं गाठलेली पातळी आता गाठता येईना. तिनं मोतीलालला सांगितलं की कोपऱ्यातले रणगाडे दिसत नाहीत, एकदम ठाण्यापाशीच उगवतात. मोतीलालचे कान टवकारले. त्यानं झाकण खोललं, रंगीत पट्ट्यांचं चित्र लावून कोपरे तपासले आणि मला आरसा धरायला बोलावलं. टीव्हीच्या मागं बसून काम करणाऱ्याला पुढचं चित्र दिसत नाही. म्हणून समोर कोणीतरी आरसा धरून उभं राहावं लागतं. मला तर कोपरे छान दिसत होते, मी तसं सांगितलं. तो म्हणाला, झेरॉक्स काढणाऱ्याच्या डोळ्याला काय कळतं, रुखमिणी म्हणते म्हणजे फॉल्ट असणारच. जुन्या पिक्चर ट्यूबचे कोपरे थकतात, हे त्यानं हजार संचांत पाहिलं होतं.

थकलेल्या कोपऱ्यांवर त्याच्याकडं इलाज होता. चित्र कोपऱ्यापर्यंत जाऊच द्यायचं नाही. संचाच्या आत चित्राची रुंदी आणि उंची कमी-जास्त करायची सोय असते. त्यानं चित्र चारही बाजूंनी इंचभर आत घेतलं. सगळीकडून काळी चौकट आली आणि खेळ मधे गोळा झाला. वहिनी बसली आणि त्याच दुपारी तिनं सात पातळ्या एका दमात पार केल्या. मोतीलाल माझ्याकडं असा बघत होता, जणू त्यानं विजेचाच शोध लावला. झाकणावर त्यानं लिहिलं: रुंदी-उंची १ इंच कमी, चित्र ओके.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी पुन्हा हरू लागली. पुन्हा आरसा आला, पुन्हा मी उभा राहिलो, आणखी इंचभर चित्र आत गेलं. ती पुन्हा जिंकू लागली. त्यानंतरच्या वर्षी पावसाळ्यात तिसऱ्यांदा तेच. शेवटी एकवीस इंची काचेवर वहीच्या पानाएवढा खेळ उरला होता. मी गमतीनं म्हटलं, मोतीभाऊ, आता मोबाईलवरच खेळू दे वहिनीला. त्याला गंमत कळली नाही. तो म्हणाला, चित्र लहान झालं पण बघ किती घट्ट झालं आहे. आणि खरंच ते इतकं स्वच्छ होतं की विटांमधला चुना मोजावा. एवढं सुंदर चित्र मी त्या जुन्या डब्यातून कधी निघालेलं पाहिलं नव्हतं. ते पाहून मी त्याची मनापासून तारीफ केली, हे मला आता आठवत राहतं.

मधल्या काळात माझा आणि वहिनीचा अबोला झाला होता. तेवीसच्या नवरात्रात चौंडेश्वरीच्या देवळाबाहेर मी तिच्या डाव्या हाताला उभा होतो. मी प्रसादाचा हात पुढं केला, हसलो. ती सरळ पुढं निघून गेली. माझ्याबरोबर चार माणसं होती. मला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन महिने मी तिच्या दारात पाय ठेवला नाही. मोतीलालनं विचारल्यावर तिनं मी दिसलोच नाही असं सांगितलं. मी म्हटलं, हजारात तुटका धागा दिसतो आणि सहा फुटी माणूस दिसत नाही, हे कोणाला शिकवता? ती पुढं स्वतः येऊन बोलली म्हणून मिटलं. तेव्हा जरा डोकं शांत ठेवून विचार केला असता तर? पण शांत डोकं माझ्या नशिबात नाही, आणि त्याची लाज मला आता रोज वाटते.

दोन हजार चोवीसच्या दिवाळीला दामिनी माहेरी आली. आई अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. दामिनी सहज वाकली आणि तिनं पाहिलं की सुपाचा उजवा भाग लख्ख आहे, आणि डाव्या भागात खडे तसेच पडले आहेत. आईच्या मते तांदूळ निवडून झाले होते. दामिनीनं तिची तिथल्या तिथं विचारपूस केली आणि भाऊबीज झाल्यावर तिला नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मोतीलालला कागदपत्रांची धास्ती, म्हणून त्यानं मलाही बरोबर ओढलं.

दवाखान्यात एक यंत्र होतं. आतून पांढरा, मोठ्या कढईसारखा गोल. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावर नजर धरायची, आणि इकडंतिकडं कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. वहिनीला बटण हातात देताच ती खुलली. तिनं आम्हाला सांगितलं की हा तर गेमच आहे. आम्ही दाराशी उभं राहून ऐकत होतो. बटणाचा टक आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग एक टक, मग पुन्हा काही नाही. मोतीलालनं माझं मनगट घट्ट धरलं. ती इतकी वर्षं कशी बटण दाबते हे त्याला कानानं माहीत होतं. यंत्र चालू होतं, उजेड चमकत असणार, आणि तिचं बोट स्वस्थ बसलं होतं.

कागद छापून आला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं, एक जवळजवळ सगळं काळं, दुसऱ्यात मधे थोडी पांढरी जागा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं मरत आत येते. दुखत नाही, खुपत नाही. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. त्यांनी घरात आणखी कोणाला होतं का ते विचारलं. वहिनी नाही म्हणाली. त्रास कधीपासून आहे, असंही त्यांनी विचारलं. मग मोतीलालनं एकेक करून तारखा सांगितल्या. बावीसचा सप्टेंबर, तेवीसचा मे, चोवीसचा जुलै. डॉक्टरांनी मान वर केली. एवढ्या नेमक्या तारखा कशा, असं त्यांनी विचारलं. मोतीलालनं डोळे त्या कागदावरून काढले नाहीत. तो म्हणाला, लिहून ठेवल्या आहेत.

बाहेर आल्यावर दामिनी आईला घेऊन औषधाच्या खिडकीकडं गेली. मोतीलाल पुन्हा आत गेला आणि मी त्याच्यामागं. पहिल्या तारखेला आणलं असतं तर काय झालं असतं, हे त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं. थेंबांनी नजर तिथंच थांबली असती. गेलेली परत येत नाही, पण तेव्हा फार गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात मोतीलालनं तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"अमर, हे माप मी घेतलं होतं. तीनदा घेतलं. तिचे डोळे जेवढे बारके होत गेले, तेवढं मी चित्र बारकं करत गेलो. आन् झाकनावर लिहलं का ओके हाय म्हनून."

आरसा मीच धरला होता. त्यानं मला विचारलं की हे रुखमिणीला सांगू का. मी म्हटलं, मुकाट राहा. सांगून तिचे डोळे येणार आहेत का? उगाच तिच्या जिवाला घोर. हा सल्ला मी तिच्या भल्यासाठी दिला असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर त्या दोषात माझंही नाव निघेल याची मला भीती वाटत होती. मोतीलालनं माझं ऐकलं. चार महिने तो सकाळ-संध्याकाळ तिच्या डोळ्यांत थेंब घालत राहिला आणि गप्प राहिला. त्या चार महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला. दुकानात पेचकस हातात घ्यायचा आणि तसाच बसून राहायचा. मी चहा सांगायचो, तो निवून जायचा.

वहिनीनं खेळणं सोडलं होतं. थेंब चालू होते, तरी डावा डोळा पूर्ण गेला आणि उजव्यात जी जागा उरली होती तीही आकसत होती.

होळी झाल्यावर एका दुपारी मोतीलाल माझ्याकडं आला. रुखमिणीला चित्र पुन्हा पहिल्यासारखं काचभर हवं आहे, आरसा धरायला चल, असं म्हणाला. कशाला हवं आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही घरी गेलो तर ती चटईवर दोन हातांच्या अंतरावर बसलेली, रिमोट मांडीवर. मोतीलालनं मागचं झाकण काढलं आणि लिहिलेली बाजू भिंतीकडं करून ठेवलं. मी आरसा धरला. चित्र हळूहळू पसरत गेलं, काळी चौकट नाहीशी झाली, विटा चारही कडांना जाऊन भिडल्या. पुरं झालं, असं तो म्हणाला.

वहिनी खेळू लागली. दोन मिनिटांत ठाणं पडलं. दुसऱ्यांदा त्याहून लवकर पडलं. डाव्या कोपऱ्यातून उतरलेला रणगाडा सावकाश, आरामात खाली यायचा आणि तिचा रणगाडा दुसरीकडंच तोंड करून उभा असायचा. मला बघवेना. तिसऱ्या वेळी तिनं मधेच खेळ थांबवायचं बटण दाबलं. आवाज बंद झाला, चित्र जागच्या जागी थिजलं.

मोतीलाल तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदा इंचभर, मग आणखी, मग आणखी. डॉक्टर पहिल्या तारखेबद्दल काय म्हणाले तेही सांगितलं. मी त्याला अडवायला गेलो, पण माझ्या हातात आरसा होता.

"दोस माहा हाय, रुखमिणी," तो म्हणाला. "मी तुले आंधळं केलं."

वहिनीनं तोंड त्याच्या आवाजाकडं वळवलं. ती रागावली नाही. तिनं अगदी सावकाश सांगितलं की तिला माहीत होतं. तिची आई देवकाबाई आंधळगावला अशीच आंधळी झाली. आधी तिला बाजूनं येणारी माणसं दिसेनाशी झाली, लोक म्हणाले हिला गर्व चढला. मग मागावरचे काठ चुकू लागले. पंचावन्नाव्या वर्षी तिला मागावरून उठवून भिंतीशी बसवलं, ती मरेपर्यंत तिथंच बसली. कोपऱ्यातले रणगाडे पहिल्यांदा गायब झाले त्या दिवशी वहिनीला आई आठवली होती.

"दवाखान्यात मी खोटं बोलली," ती म्हणाली. "दामिनी बाजूले उभी होती, तिले भेव घालाचं नव्हतं मले. पन आता ते जमनार नाई. तुमी तिले सांगा. आजच फोन करा. तिचे डोळे तपासून घ्याले लावा. आपलं किती गेलं ते आधी पाहू, मंग सांगू, म्हनून चित्र पुरं कराले लावलं मी."

मोतीलालनं विचारलं, "मंग मले तवाच काहून नाई सांगितलं?"

"तुमी इतके जीव लावून चित्र दुरुस्त करून राह्यले होते," वहिनी म्हणाली. "तुमी चित्र दुरुस्त करत होते तवरिक मी आंधळी नोहती."

मोतीलाल रडला. साठीला आलेला माणूस, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखा रडला. आपण इथं नको होतो असं वाटलं, आणि उठून जायचंही धैर्य झालं नाही. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं तो शांत झाला. तेव्हा तिनं पदरानं आपले डोळे पुसले, रिमोट नीट हातात धरला आणि तोंड पुन्हा टीव्हीकडं केलं.

ते टीव्हीकडं झालं नाही. हातभर बाजूला, भिंतीच्या दिशेनं झालं. थिजलेला खेळ काचभर पसरून लख्ख पेटलेला होता. त्याचा लाल उजेड तिच्या गालावर पडला होता. तिनं मान थोडी इकडं, थोडी तिकडं केली आणि थांबली.

"बंद केला का जी?" तिनं विचारलं.

मोतीलालनं त्या उजळलेल्या काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हो," तो म्हणाला. "केला बंद."

आणि मग त्यानं हात लांब करून टीव्हीचं बटण दाबलं. खटका वाजला. तो वहिनीलाही ऐकू गेला असणार, पण ती काही बोलली नाही.